‘तेव्हा सगळं मिळायचं’ म्हणणाऱ्यांसाठी



गेले दोन महिने आपल्या समूहात एकच सूर चाललाय. कुणीतरी पणजीच्या मांडवीकाठचा जुना काळापांढरा फोटो टाकतं, त्यात दोन मर्सिडीज टॅक्सी उभ्या असतात, आणि खाली प्रतिक्रियांची रांग लागते. ‘काय ती शिस्त!’ ‘काय तो रुबाब!’ ‘तेन्ना सगळें मेळटालें!’ आता तर आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत १९५० ते १९६१ या काळावर वेगळा विभाग निघणार आहे आणि त्याला नाव ठरलंय ‘गोमंतकाचा सुवर्णकाळ’.

या नावाला माझा विरोध आहे. समितीतल्या दोघांना फोनवर सांगून झालं. ‘भाऊ, जुन्या आठवणी आहेत, राजकारण कशाला?’ असं उत्तर आलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो. लांब होईल. चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे ‘तुम्ही कुठं पाहिलंय’ हा प्रश्न येणार नाही. माझा जन्म १९४३ चा, डिचोली महालातला. आमचं पसऱ्याचं दुकान होतं, म्हणजे किराणा, कापड, घासलेट, सगळं एकाच छपराखाली. गाव आम्हाला पसरकार म्हणूनच ओळखायचं. पन्नासचं दशक आमच्या घराला चांगलं गेलं. कौलं नवीन आली, माडी चढली, माझ्या आत्याचं लग्न थाटात झालं. तेव्हा ‘ज्याला काही मिळालं नाही तो जळून बोलतो’ असंही कुणी म्हणू नये. आम्हाला मिळालं. म्हणूनच कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, हे मला ठाऊक आहे.

भरभराट खरी होती

तुमचं जे खरं आहे ते पहिल्यांदा मान्य करतो. भरभराट झाली होती. दुकानात स्विस घड्याळं आली, नायलॉनच्या साड्या आल्या, पार्कर पेनं आली, डब्यातलं चीज, डब्यातलं दूध, डब्यातले सार्डिन आले. दशकाच्या शेवटाला जपानी ट्रान्झिस्टर आले. मुंबईत ज्या वस्तूसाठी लायसन्स, ओळख आणि वशिला लागायचा, ती वस्तू आमच्याकडं फळीवर असायची. घाटावरून येणारा पाहुणा जाताना घड्याळ मनगटावर बांधून, बाही खाली ओढून जायचा. सोनंही याच वाटेनं पलीकडं जायचं. ते कोण न्यायचं हे गावात सगळ्यांना माहीत असे आणि कुणी बोलत नसे.

लग्नं बदलली. पूर्वी नवऱ्या मुलाला धोतरजोडी आणि अंगठी. आता घड्याळ पाहिजे, टेरिलिनची पँट पाहिजे. गॅसबत्त्यांची संख्या मोजून घराची ऐपत ठरू लागली. फोटोग्राफर डिचोलीहून नाही, म्हापशाहून यायला लागला.

आणि रेडिओ! एमिसोरा दे गोवा. माझ्या वयाच्या कुणालाही हे नाव घेऊन बघा, चेहरा उजळेल. १९५२ नंतर आकाशवाणीवर केसकर मंत्रीमहोदयांनी फिल्मी गाण्यांना जवळजवळ दार लावलं. सगळा देश बिनाका गीतमालेसाठी रेडिओ सिलोनकडं वळला. पण इकडं सावंतवाडी, बेळगाव, कारवार या पट्ट्यातल्या लोकांना आणखी एक दार उघडं होतं, ते म्हणजे गोव्याचं स्टेशन. पोर्तुगीज, कोकणी, मराठी, हिंदी, सगळं लागायचं. बेळगावकर मंडळींनो, तुमच्यातले थोरले अजून सांगतात ना, ‘गोवा लाव रे’? संध्याकाळी आमच्या दुकानाच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसं बसायची, निम्मी काही विकत न घेता. आबांनी कुणाला कधी उठवलं नाही.

हे सगळं मला प्रिय आहे. माझा वाद या आठवणींशी नाही. या आठवणींतून जो निष्कर्ष काढला जातो, त्याच्याशी आहे. निष्कर्ष असा, की पोर्तुगीज राज्य चांगलं होतं म्हणून गोवा श्रीमंत झाला, आणि १९६१ नंतर सगळं बिघडलं.

पैसा कुठून आला?

तो लिस्बनहून आला नाही. तो आमच्या डोंगरांतून निघाला.

दुसऱ्या महायुद्धात जपान आणि जर्मनी जमीनदोस्त झाले. पन्नासच्या दशकात ते पुन्हा उभे राहत होते आणि उभं राहायला पोलाद लागतं. पोलादाला लोहखनिज लागतं. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या टेकड्यांत ते होतं. १९५१ च्या सुमारास जपानी गिऱ्हाईक पक्कं झालं, मग पश्चिम जर्मनी. तेव्हा वर्षाला चार-साडेचार लाख टन जाणारं खनिज १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या वर गेलं. दहा वर्षांत दहा-बारा पटींहून जास्त! खाणीवरून ट्रक, ट्रकवरून बार्ज, बार्जमधून मांडवी-जुवारीनं मुरगाव बंदर, तिथून जहाज. आज जपानमध्ये त्या काळात उभा राहिलेला एखादा पूल असेल, त्यात आमच्या शिरगावची टेकडी असेल.

म्हणजे ती भरभराट मूळची टोकियो आणि ऱ्हूरची होती. आपल्याकडं तिचा एक फाटा वळला, इतकंच. त्याआधीचा गोवा कशावर जगत होता? मुंबईच्या कुडांत राहून बोटींवर, हॉटेलांत, बँडात काम करणाऱ्या आणि आफ्रिकेत कारकुनी करणाऱ्या माणसांच्या मनीऑर्डरींवर. चारशे वर्षं राज्य करून पाखल्यांनी गोव्यात असा एकही मोठा धंदा उभा केला नव्हता, ज्यावर हे सहा लाखांच्या आतले लोक घरी राहून जेवतील. ‘सुवर्णकाळा’चं श्रेय त्यांना देणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरी पाऊस पडला म्हणून आपल्या गुरवाला नारळ देणं.

बरं, मग बाहेरचा माल इतका का ओतला? त्यालाही कारण आहे. १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह झाला, निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या, वीसहून जास्त माणसं मेली. भारतानं सरहद्द बंद केली, आगगाडी थांबली, मनीऑर्डरी थांबल्या. तेव्हा सालाझारच्या सरकारला दाखवून द्यायचं होतं की भारतावाचून गोव्याचं काही अडत नाही. म्हणून बटाटा हॉलंडहून, सिमेंट जपानहून, चहा सिलोनहून. फळी भरलेली ठेवणं हा राज्य टिकवायचा एक उपाय होता. आबा म्हणायचे, ‘भुकेलो मनीस आड उलयता.’ भुकेला माणूस उलट बोलतो. सरकारलाही ते कळत होतं.

खतावणी काय सांगते

आमच्या दुकानाची १९५६-५७ ची खतावणी माझ्याकडं आहे. वाळवी लागलीय, पण वाचता येते. ‘तेव्हा सगळं मिळायचं’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा येऊन बघावी.

खाणीवरच्या माणसांच्या खात्यावर काय आहे? उकडे तांदूळ, घासलेट, खोबरेल, सुके बांगडे, विड्या, साबणाची वडी, चतुर्थीला एक लुगडं. पुढल्या पगाराला निम्मं फेडलेलं, निम्मं पुढं ओढलेलं. डब्यातलं चीज, डब्यातलं दूध, घड्याळ, व्हिस्की या नोंदी पूर्ण वर्षात पाच-सहा घरांच्या नावावर आहेत. भाटकार, खाणीचा ठेकेदार, डॉक्टर, आणखी दोघं-तिघं. सहावं घर आमचं स्वतःचं. मध्ये एक नवा वर्ग दिसतो, ट्रक ड्रायव्हरांचा. त्यांच्या नावावर गॉगल, सदरे, ब्रिलंटिनची बाटली. गावातल्या पोरांचा हिरो तेव्हा ट्रक ड्रायव्हर होता, हे मान्य. पण ड्रायव्हर किती आणि पाटी वाहणारे किती?

पाटी वाहणाऱ्यांत बहुतेक बायका. दशकाच्या सुरुवातीला यंत्रं थोडी होती. पुरुष कुदळीनं खणायचे आणि बायका डोक्यावरून पाट्या वाहायच्या. चुंबळ, पाटी, लाल धूळ. काही आमच्या गावच्या, बऱ्याचशा घाटावरून आलेल्या. संध्याकाळी दुकानावर यायच्या तेव्हा भुवयांपासून पावलांपर्यंत एकच रंग. आणि खतावणीत त्यांची नावं नाहीत! ‘अमक्याची बायल’, ‘तमक्याची सून’, ‘झोपडीतली तिसरी’. आबांनी मुद्दाम केलं असं नाही, रीतच ती होती. स्मरणिकेत मर्सिडीजचा फोटो पान भरून येणार असेल, तर मी विचारतो, या बायकांना किती ओळी?

त्यांना संप करता येत नव्हता. सालाझारच्या राज्यात संप हा गुन्हा होता. पगार वाढवून मागायचा तर मुकादमाच्या मर्जीवर. ज्याला आपण ‘शांतता’ म्हणतो, तिच्यात ही एक शांतता धरा.

शेतीचंही ऐका. माझ्या काकीची वायंगणी शेती नाल्याच्या काठी होती. वरच्या टेकडीवर खाण सुरू झाली. उपसलेली माती उतारावर टाकायचे. पहिल्या पावसात पाणी लाल झालं, तिसऱ्या पावसात शेतात गुडघाभर गाळ. काकीनं दोन वर्षं पाट्यांनी गाळ काढला. म्हणजे वरती बायका पाटीनं माती काढत होत्या आणि खालती माझी काकी तीच माती पाटीनं परत उपसत होती. तक्रार केली. खाणमालकाच्या माणसानं सांगितलं, पावसाला आम्ही काय करणार. रेजेदोरानं कागद ठेवून घेतला. तो कागद अजून ठेवलेलाच आहे. पुढं काकीचा मुलगा त्याच खाणीवर ट्रकच्या मागं उभा राहायला लागला. कुटुंबाचं उत्पन्न त्यानं वाढलं, हेही खरं. पण शेत गेलं ते गेलं. खाणी नंतर कितीदा चालू झाल्या नि बंद पडल्या, ते शेत परत पिकलं नाही.

गाणं मिळायचं, बातमी नाही

आता शिस्तीबद्दल.

ज्यांना ती शिस्त हवीहवीशी वाटते त्यांना एक साधी गोष्ट विचारतो. तुमच्या घरात कुणाच्या लग्नाची पत्रिका पोलिसांना दाखवून छापली गेलीय का? आमच्याकडं गेलीय. आत्याच्या लग्नाची. छापील म्हणजे छापील; पत्रिका असो, हँडबिल असो, जत्रेच्या नाटकाची जाहिरात असो, सेन्सॉरची मंजुरी पाहिजे. गणपती प्रसन्न, कुलदेवता प्रसन्न, चि. सौ. कां. अमुक, आणि त्यावर सरकारी मान्यता. नाटकाचं पुस्तक आधी मंजुरीला जायचं. ऐतिहासिक नाटकातले आवेशाचे संवाद कितीदा तरी तिथंच गळायचे. मग जत्रेच्या रात्री एखादा पठ्ठ्या गाळलेलं वाक्य ठोकून द्यायचा आणि मंडपात असा काही टाळ्यांचा कडकडाट व्हायचा की आत उभा असलेला शिपाई बावरून जायचा. ती टाळी म्हणजे आमचं मतदान होतं. दुसरं मतदान नव्हतंच.

फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाचे डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला बसले होते. वक्त्यानं गोवा म्हणजे पोर्तुगाल असं काहीतरी म्हटलं. डॉक्टरांनी ‘मी निषेध करतो’ एवढंच म्हटलं. अटक झाली आणि रवानगी पोर्तुगालला. एका वाक्यासाठी! १९५५ च्या फेब्रुवारीत बाळा राया मापारी पोलिस कोठडीतल्या मारानं गेला. मोहन रानडे तर आपले मराठीचे मास्तर. सांगलीकडचा माणूस, सावई-वेऱ्याला पोरांना शिकवायला आला, लढ्यात पडला, १९५५ मध्ये पकडला गेला. सुटला कधी? जानेवारी १९६९ मध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली होती, आपण निवडणुका लढवत होतो, कॉलेजं काढत होतो, आणि हा मास्तर पोर्तुगालच्या तुरुंगात होता. सुवर्णकाळ म्हणताना या माणसाचा चेहरा समोर आणा आणि मग म्हणा.

एमिसोरावर दिवसभर लता, मुकेश, तलत. पण पत्रादेवीला काय झालं हे एमिसोरा सांगत नसे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून जंगलातून एक गुप्त स्टेशन सुरू झालं, स्वातंत्र्याचा आवाज. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं ते चालवायचे. आमच्या ओसरीवर तेच मशीन, तीच माणसं. पण ते स्टेशन लावायचं तेव्हा आबा आधी दार लोटायचे, आवाज बारीक करायचे आणि मला उंबऱ्यावर बसवायचे, कोण येतंय ते बघायला. बारा-तेरा वर्षांचा होतो. गाणी मोठ्यानं, बातमी हळू. त्या दशकाचं वर्णन मला कुणी एका ओळीत विचारलं तर मी हेच सांगेन.

‘पण चोऱ्या नव्हत्या हो, दारं उघडी टाकून झोपायचो.’ हे वाक्य येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. आम्हीही दारं उघडी टाकून झोपायचो. सावंतवाडीकडचे आणि कारवारकडचेही तसेच झोपायचे आणि तिथं पोर्तुगीज राज्य नव्हतं. खेड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि बहुतेकांच्या घरात नेण्यासारखं काही नसतं, तेव्हा दारं उघडी राहतात. त्यासाठी सालाझारचे आभार मानायला नकोत.

नाकेबंदीचं बिल

इथं दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, कारण समूहात उलट टोकाचे लोकही आहेत. त्यांच्या मते दिल्लीनं केलं ते सगळं बरोबर.

माझ्या आईचं माहेर बेळगावात, शहापूरला. १९५५ पर्यंत आई दरवर्षी गणपतीनंतर जायची. कुळ्यापर्यंत जायचं, गाडीत बसायचं, लोंढा, बेळगाव. परत येताना कुंदा, खणाचं कापड आणि मामांचा बडबड्या स्वभाव घेऊन यायची. सरहद्द बंद झाली आणि हे संपलं. परवाना पाहिजे, त्यासाठी कारण पाहिजे, कारणाला कागद पाहिजे. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आईचं माहेर राज्य बदलून बसलं आणि तिला ते कुणाच्या तरी तोंडून आठवड्यानं कळलं. पुढल्या वर्षी आजोबा गेले. तेराव्यालाही नाही, तेराव्यानंतर निरोप आला. तुळशीसमोर आंघोळ करून आई आत गेली आणि दिवसभर बोलली नाही.

नाकेबंदीनं पाखल्यांचं काय बिघडलं? त्यांना हॉलंडचे बटाटे मिळाले. खाणमालकांचं काय बिघडलं? जहाजं भरतच होती. बिघडलं माझ्या आईसारख्यांचं आणि मनीऑर्डरीवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांचं. हेही लिहिलं गेलं पाहिजे. पण हे लिहिताना लक्षात ठेवा, सरहद्द बंद झाली ती गोळ्या चालल्यावर. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम विसरून चालणार नाही.

पैसा होता, तर कॉलेज का नव्हतं?

सुवर्णकाळवाल्यांना माझा सगळ्यात साधा प्रश्न हा आहे.

इतकी जहाजं भरून गेली. मग १९६१ मध्ये शंभरातल्या तीसच माणसांना अक्षरओळख का होती? पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, लिसेव होतं, मान्य. पण साधा बी.ए., बी.एस्सी. करायचा तर बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई. सरहद्द बंद झाल्यावर तेही पैसेवाल्यांना आणि परवानेवाल्यांना. मांडवीवर पूल नव्हता, जुवारीवर नव्हता. मोजकी शहरं सोडली तर वीज नव्हती. मी पुस्तकं वाचली ती कंदिलावर. मराठी शाळा चालायच्या त्या लोकांच्या वर्गणीवर, देवळाच्या अग्रशाळेत, कुणाच्या ओसरीवर. सरकारी नोकरीला पोर्तुगीज पाहिजे, म्हणून ‘प्रिमेर ग्राव’ करायचं. घरात कोकणी, पाटीवर मराठी, कचेरीत पोर्तुगीज आणि पोटासाठी इंग्रजी. चार भाषांत आम्ही गप्प बसायला शिकलो.

गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ ला. १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज उभं राहिलं. सहा-सात महिन्यांत! मी त्या सुरुवातीच्या मुलांतला एक. ती कॉलेजं काढणारी घराणी खाणीचीच होती, पैसा खाणीचाच होता, जमीन तीच, पोरं तीच. मग १९५२ मध्ये का नाही निघाली? १९५७ मध्ये का नाही? याचं उत्तर द्या आणि मग त्या काळाला सोन्याचा म्हणा. पैसा म्हणजे भरभराट नव्हे. पैशाचं काय करायचं हे ठरवायची मुभा असेल तर ती भरभराट. ती मुभा फक्त घड्याळ आणि नायलॉनपुरती होती.

बिघडलं म्हणजे काय बिघडलं?

आता जरा टोचेल ते.

आपल्यातल्या थोरल्यांपैकी काहींचं म्हणणं उलटं असतं. त्यांना ते दशक आवडतं, पण रेडिओ आणि सिनेमा नको होता. ‘रेडिओनं भजन बुडवलं, सिनेमानं नाटक मारलं, खाणीच्या पैशानं माणसं माजली.’ पहिल्या दोन गोष्टी सरळ चुकीच्या आहेत. खाणीचा पैसा आला तेव्हा जत्रांची नाटकं वाढली. रंगवलेले पडदे आले, भाड्याचे पोशाख आले, तबला-ऑर्गनसाठी बाहेरचे वाजवणारे आले. जी पोरं ओसरीवर एमिसोरा ऐकायची तीच काल्याला नाटकात उभी राहायची. गाणं ऐकून कुणी गाणं विसरत नाही.

तिसरी गोष्ट मात्र नीट बघू. ‘माणसं माजली’ म्हणजे कोण माजलं? ज्या मुंडकाराचा बाप भाटकारासमोर डोक्याचं मुंडासं काढून उभा राहायचा, त्याचा पोरगा ट्रकमधून गॉगल लावून गेला आणि त्यानं हॉर्न वाजवला. ओसरीच्या खाली बसणारा ट्रान्झिस्टर घेऊन स्वतःच्या अंगणात बसला. नायलॉनची साडी फक्त भाटकारणीच्या अंगावर असावी ती बाजारात दुसऱ्याच कुणाच्या अंगावर दिसली. हा माज असेल तर देवानं सगळ्यांना थोडा थोडा द्यावा.

आणि १९६१ नंतर ‘सगळं बिघडलं’ म्हणजे काय झालं? डिसेंबर १९६३ मध्ये त्याच माणसांनी विधानसभेसाठी पहिल्यांदा मतं टाकली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक, पण मतं पाटीवाल्यांची आणि कुळांची. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकार कायदा. गावोगाव मराठी शाळा निघाल्या आणि त्यांत पसरकाराचा मुलगा आणि पाटीवालीचा मुलगा एका बाकावर बसले. आपल्यासारख्या प्रस्थापित घरांना हे बोचलं, बोचणारच. पण त्याला ‘गोवा बिघडला’ असं नाव देऊ नका. ‘आमच्या ओसरीची उंची कमी झाली’ असं प्रामाणिक नाव द्या, मग बोलू.

१९६१ नंतर काही वाईट झालं नाही असं मी म्हणत नाही. खाणी तर नंतर जास्त हावरट झाल्या, नद्या जास्त लाल झाल्या. जमिनीचे व्यवहार, पर्यटनाचा उन्माद, सगळं डोळ्यांसमोर आहे. पण आजचा राग काढायला कालचं खोटं चित्र कशाला? आज वाईट आहे म्हणून काल चांगला ठरत नाही. आणि आज मी हे लिहितोय, तुम्ही उद्या मला खाली शिव्या घालाल, दोघांपैकी कुणालाच शिपाई न्यायला येणार नाही. १९५६ मध्ये आबांना ही पोस्ट लिहिता आली नसती.

तर माझं म्हणणं असं

स्मरणिका काढा. तो विभागही काढा. मर्सिडीजचा फोटो छापा, एमिसोराची आठवण छापा, नायलॉनच्या साडीचं कौतुक छापा. ते सगळं आपलं आहे. फक्त नाव बदला. साधं ‘१९५० ते १९६१’ एवढंच लिहा. सोनं होतं की लोखंड, ते वाचणारा ठरवील.

आणि त्या विभागात चार गोष्टी घाला. एक, सेन्सॉरची मंजुरी घेऊन छापलेली एखादी लग्नपत्रिका. जुन्या ट्रंकांत शोधा, सापडेल. दोन, खाणीवर पाटी वाहिलेल्या बायकांची नावं, त्यांच्या स्वतःच्या नावानं. काहींच्या नाती-पणत्या आज याच समूहात आहेत, त्यांनी लाजू नये, पुढं यावं. तीन, बेळगाव, सावंतवाडी, कारवारकडच्या मंडळींनी त्या सहा वर्षांत कोणाची भेट चुकली, कोणाचं लग्न, कोणाचं मरण चुकलं ते लिहून पाठवावं. चार, गावातल्या कोणत्या शेतात कधीपासून पीक येईनासं झालं, त्याची यादी.

खतावणीची पानं मी फोटो काढून समितीला देतो. झोपडीतली तिसरी कोण होती, हे आमच्या गावच्या कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. मला तिचं नाव त्या पानावर लिहायचं आहे.